मामाच्या दोन ओळी

ऑफिसात सगळे त्याला मामा म्हणतात, त्याला कारण मी. बारा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी आत आले, समोर तो बसलेला दिसला आणि सवयीने तोंडातून "मामा" निघालं. आईचा सख्खा धाकटा भाऊ, दुसरं काय म्हणणार? शेजारच्या टेबलावर भोंगा बसायचा. त्याच्या कानात पडलेली गोष्ट मजलाभर व्हायला वेळ लागत नाही, म्हणून तो भोंगा. संध्याकाळपर्यंत चाळीस माणसं मामा म्हणायला लागली, साहेबसुद्धा. मामा एवढंच म्हणाला, "एक भाची चिकटवायला गेलो, चाळीस पदरात पडली."

चिकटवलं त्यानेच होतं. बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. त्यानंतर माझी गणितं, माझी फी, माझं कॉलेज आणि माझी नोकरी ह्या सगळ्याला मामाचा हात लागलेला आहे. हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही मला काही म्हणाल, तर पूर्ण माहितीनिशी म्हणा.

आमची कंपनी पेट्या बनवते. बुटांच्या खोक्याएवढी लोखंडी पेटी. हॉस्पिटलात प्रत्येक खाटेशेजारी जे यंत्र असतं, त्यातली नाडी, श्वास, दाब अशी सगळी माहिती तारेतून ह्या पेटीत येते, आणि पेटी ती सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर पाठवते. माहिती येते ती तुकड्यातुकड्यांनी, एकेका तुकड्याला पॅकेट म्हणायचं. पेटीच्या आत आमची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम चालते आणि तिच्यातला नेटवर्कचा भाग, म्हणजे पॅकेट घेणं आणि पुढे देणं, मामाने लिहिला. मी तो सुधारला. निदान तेव्हा मी त्याला सुधारणं म्हणत होते.

गेल्या वर्षी एका नव्या मोठ्या हॉस्पिटलात आमच्या पेट्या लागल्या. दोनशे खाटा, पेटीत पॅकेट झेलणारी नवी वेगवान कार्डं, उद्घाटन, फोटो. महिन्याभरात तक्रार आली. हेड सिस्टरने हाताने लिहिलेली होती आणि ती साहेबांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवली: "पडद्यावरची रेघ दोन-तीन सेकंद जागच्या जागी थांबते. मी धावत जाते. पेशंट संत्रं सोलत बसलेला असतो. परत येते तोवर रेघ चालू. दिवसातून सहा वेळा. माझे गुडघे कंपनी बदलून देणार आहे का?"

भोंगा हसला. साहेब हसले नाहीत. "पॅकेट्स गळताहेत," साहेब म्हणाले. "आज रेघ थांबते आणि पेशंट संत्रं सोलतोय. उद्या सोलत नसला तर? हे कोणी लिहिलंय?"

आणि त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर चहाडी लावली.

चहाडी हे आमचं ठेवलेलं नाव. कोडातल्या प्रत्येक ओळीशेजारी ती कोणी लिहिली आणि कधी, हे दाखवणारी सोय असते. साहेबांना कोड वाचता येत नाही, पण चहाडी लावता येते. साहेबपणाला तेवढं पुरतं. पॅकेट घेणारा भाग समोर आला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत डावीकडे एकच नाव, मामाचं. तारीखही एकच.

आता ह्यात गोम अशी, की पाच वर्षांपूर्वी सगळं कोड जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवायचं होतं. कंटाळवाणं काम, कोणी हात लावेना. मामाने एका शनिवार-रविवारी बसून ते हलवलं. कोड आलं, पण कोणी कधी काय बदललं हा इतिहास जुन्या सर्व्हरवरच राहिला. नव्या सर्व्हरच्या दृष्टीने वीस माणसांनी दहा वर्षं लिहिलेलं सगळंच्या सगळं त्या रविवारी मामाने एकट्याने लिहिलं. त्या वीस जणांपैकी आता तिघंच उरलो होतो. मामा, मी आणि भोंगा. भोंगा पडद्याच्या रंगांचं काम करतो, त्याला ह्यातलं काही कळत नाही.

"साहेब, ती तारीख बघा," मी म्हणाले. "ती कोड हलवल्याची तारीख आहे. त्या नावाला काही अर्थ नाही—"

"माझंच आहे ते," मामा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो पडद्याकडे बघत होता. चष्मा कपाळावर सरकवून, डोळे बारीक करून.

"म्हणजे चूक तुमची?" साहेबांनी विचारलं.

"तिथून माझ्या परवानगीशिवाय काही गेलेलं नाही. म्हणजे माझीच. मी बघतो."

"तुम्ही नाही बघायचं," साहेब म्हणाले. "तुमची भाची बघेल."

मला वाटलं म्हातारा हट्टाला पेटला. मनात म्हटलं, बस आता, कोणी सांगितला होता मोठेपणा. दुपारपर्यंत मामाचा कोड आत टाकायचा हक्क काढून घेतला. हॉस्पिटलला लेखी हवं होतं ना, की जबाबदार व्यक्तीला कामावरून बाजूला केलं आहे. मामाला तळमजल्यावरच्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. काम काय, तर जुन्या पेट्यांच्या पुस्तिकांना नंबर घालायचे. त्याला निवृत्त व्हायला अकरा महिने राहिले होते. मामी सांगायची, त्याची एवढीच इच्छा होती की शेवटच्या दिवशी त्याच खिडकीजवळच्या खुर्चीवरून उठावं. ती खुर्ची दुपारी चार वाजता रिकामी झाली. त्याने जाताना टेबलाच्या ड्रॉवरला कुलूप लावलं आणि नेहमीसारखं दोनदा ओढून बघितलं.

ही त्याची जन्माची सवय. घराचं दार, कपाट, गाडी, काहीही बंद केलं की पुन्हा ओढून बघणार. मामी म्हणते, लग्नाच्या दिवशी खोलीला कडी लावून तीनदा ओढली, ती बाहेरच्या लोकांनी मोजली.

मी प्रयोगशाळेत बसले. एक पेटी, एक नवं कार्ड आणि खोटी पॅकेट्स पाठवणारं एक यंत्र. पहिला दिवस तारा बदलण्यात गेला. दुसरा दिवस कार्ड बनवणाऱ्याला शिव्या घालण्यात गेला. तिसऱ्या दिवशी मी सिस्टरच्या पडद्यावर संशय घेतला आणि भोंग्याशी भांडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. चौथ्या दिवशी सकाळी मी जिथे आधी बघायला हवं होतं तिथे बघितलं, म्हणजे पॅकेट उचलण्याच्या कोडात.

साध्या भाषेत सांगते. कार्डाला दोनशे छपन्न खण असतात. पॅकेट आलं की एका खणात पडतं. खण रिकामे असताना पहिलं पॅकेट पडलं की कार्ड एकदा बेल वाजवतं. बेल ऐकून आपली सिस्टिम उठते, बेल बंद करते, खणांतली पॅकेट्स उचलत जाते, सगळे खण रिकामे झाले की बेल पुन्हा चालू करते आणि झोपते. आता गंमत बघा. शेवटचा खण रिकामा दिसला आणि बेल चालू केली, ह्या दोघांच्या मधल्या क्षणात एक पॅकेट येऊन पडलं तर? तेव्हा बेल बंद होती, म्हणून वाजली नाही. नंतर चालू झाली, पण कार्डाच्या मते सांगायचं ते सांगून झालेलं आहे. ते पुन्हा वाजवत नाही. सिस्टिम झोपलेली, कार्ड वाट बघतंय, खण भरत चाललेत. दोनशे छपन्न भरले की पुढचं प्रत्येक पॅकेट गळतं. तीन सेकंदांनी एक राखणदार घड्याळ येऊन सिस्टिमला हलवून उठवतं. तोवर सिस्टर धावलेली असते.

ह्यावर उपाय अगदी साधा. बेल चालू केल्यावर खणांत पुन्हा एकदा बघायचं. दोन ओळी लागतात. कुलूप लावून पुन्हा ओढून बघण्यातलाच प्रकार.

हे मनात आलं आणि मी कीबोर्डवरून हात काढले. कारण त्या दोन ओळी तिथे होत्या. मामाने घातल्या होत्या. आणि मी काढल्या होत्या.

सात वर्षांपूर्वी मी नवीन नवीन शहाणी झाले होते. कानामागून आली आणि तिखट झाली, अशी माझी कीर्ती होती. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने काहीतरी करून दाखवायचं असतं, तर मी मामाचं कोड वाचत बसले आणि मला दिसलं की खण रिकामे झाल्यावर हा माणूस पुन्हा एकदा बघतो. मी म्हटलं, हे कशाला? एकदा रिकामे दिसले की दिसले. त्या दोन ओळी काढल्या तर वेग चार टक्क्यांनी वाढला. त्या वेळच्या मंद कार्डांवर तो मधला क्षण कधी सापडायचाच नाही, म्हणून सगळ्या चाचण्या पास झाल्या. मामाने विचारलं होतं. भर मजल्यावर माझ्या टेबलाशी येऊन, हळू आवाजात. "ते दुसऱ्यांदा बघणं काढलंस? नको काढूस. ते उगाच नाहीये."

मी मोठ्याने म्हणाले होते, "मामा, तू कुलूप तीनदा ओढतोस. तुझी ती सवय कोडात कशाला?"

सगळा मजला हसला. भोंग्याने टेबल बडवलं. मामाही हसला, कसनुसा, आणि परत जाऊन त्याने परवानगीचं बटण दाबलं. त्या वर्षी मला काचेचा चषक मिळाला. तो आईने दिवाणखान्यात ठेवलाय, रोज पुसते.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल सात वर्षं भरलेला होता, आणि रिकामा व्हायची वेळ आली तेव्हा दावं मामाच्या गळ्यात होतं. मी काढलेल्या ओळी कुठल्या चहाडीत दिसणार? जे काढून टाकलं त्याच्यावर कोणाचंच नाव नसतं. आजूबाजूच्या ओळींवर मात्र असतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले ती सांगायलाच गेले होते. हे खरं आहे. जिन्यात वाक्यसुद्धा जुळवलं होतं: साहेब, त्या ओळी मी काढल्या होत्या, मामाने अडवलं होतं.

"सापडलं?" साहेबांनी विचारलं.

"सापडलं."

"शाबास. मला ठाऊक होतं. बस." त्यांनी दार लोटून घेतलं. "आता मामांची जागा रिकामी झालीच आहे. नेटवर्कच्या टीमचं प्रमुखपद. मी वर तुझं नाव दिलंय. वय कमी पडतं म्हणत होते, मी म्हटलं, बघा तर खरं, हिने चार दिवसांत सोडवलंय."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते पाच मिनिटं बोलत होते. पाच मिनिटांत काय नाही सांगता येत? मी त्यांच्या टेबलावरच्या टाचण्या एका ओळीत लावल्या. सतरा होत्या. फोन ठेवून ते म्हणाले, "हां, काय म्हणत होतीस?"

"दुरुस्ती पुढच्या आठवड्यात देते," मी म्हणाले.

स्वतःला समजावलं, आधी दुरुस्ती होऊ दे, मग शांतपणे सांगू. शनिवार गेला. रविवार गेला. सोमवारी डबा घ्यायला खाली जाताना कागदपत्रांच्या खोलीचं दार उघडं दिसलं. मामा पाठमोरा बसून पुस्तिकांवर चिकटपट्ट्या लावत होता. सरळ, एकाखाली एक, जणू त्याही कोणी तपासणार होतं. मी पाय न वाजवता पुढे गेले. माझी मला शिसारी आली, आणि तरी मी पुढेच गेले.

मंगळवारी आईचा फोन आला. "तुमच्या ऑफिसने माझ्या भावाला काय केलंय गं? तुझी मामी म्हणते, नीट जेवत नाही. तू तिथेच असतेस ना? बघत काय बसलीस?"

"मी बघते आई," मी म्हणाले.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर मामाकडे गेले. मामीने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता चहा टाकायला आत गेली. मामा खिडकीशी रेडिओ उघडून बसला होता. हातात बारीक स्क्रू होता.

"सापडलं का?" त्याने विचारलं.

"मामा, त्या ओळी मी—"

"ते मला मीटिंगमध्येच कळलं. तीन सेकंद म्हटल्याबरोबर." त्याने स्क्रू बशीत ठेवला. "तुला सापडायला चार दिवस लागतील असं मी धरलं होतं. तेवढेच लागले ना? पुढचे सहा कशाला लागले?"

मला रडू येत होतं, पण रडले असते तर त्याने मला समजावलं असतं, आणि तेही मला फुकटात मिळालं असतं. म्हणून रडले नाही.

"तू का म्हणालास, माझी चूक?"

"बटण मीच दाबलं होतं. मला ठाऊक होतं ते का हवं. चाळीस लोक हसले म्हणून दाबलं." त्याने बशीतला स्क्रू बोटाने फिरवला. "आणि तू हसवलंस म्हणून."

"मी उद्या साहेबांना सांगते."

"सांगायचं असतं तर तू आधी तिकडे गेली असतीस. इकडे आलीस, ते मी 'राहू दे' म्हणावं म्हणून." हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. "बरं, राहू दे. माझे अकरा महिने उरलेत, तुझी वीस वर्षं. पण एक कर. टिपणात एक वाक्य लिही."

टिपण ही आमच्या धंद्यातली रीत. कोडात काहीही बदललं की सोबत लिहायचं, काय बिघडलं होतं, कशामुळे, कोणी दाखवून दिलं. माणसं जातात, कोड बदलतं, टिपण राहतं. मामा ह्या बाबतीत कडक. माझं पहिलं टिपण त्याने अकरा वेळा परत पाठवलं होतं. कोड यंत्रासाठी असतं, टिपण माणसासाठी, असं म्हणायचा.

"काय वाक्य?"

"की ही तपासणी मूळ कोडात होती, पुढे काढली गेली. बस. कोणी काढली ते लिहू नकोस. माझंही नाव नको. फक्त होती एवढं असू दे." त्याने रेडिओचं झाकण हातात घेतलं. "मी गेल्यावर कोणी ते वाचेल आणि म्हणेल, म्हाताऱ्याला एवढं साधं ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. एवढं कुठेतरी लिहिलेलं राहू दे."

"लिहिते," मी म्हणाले. "नक्की लिहिते, मामा."

मामी चहा घेऊन आली. आम्ही तिघं पंख्याच्या आवाजात चहा प्यायलो.

गुरुवारी दुरुस्ती तयार झाली. दोनच ओळी. प्रयोगशाळेत वीस तास पेटी चालवली, एक पॅकेट गळलं नाही. टिपण लिहिलं आणि मामाचं वाक्य त्यात पहिलंच घातलं. हे टिपण हॉस्पिटललाही जाणार होतं म्हणून साहेबांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"चांगलंय. हे काय, 'पुढे काढली गेली'? कोणी काढली?"

"जुनी गोष्ट आहे, साहेब."

"ते विचारतीलच ना. जुन्या सर्व्हरवर इतिहास असेल की. मागवू का?"

अगदी सहज विचारलं त्यांनी. त्यांच्या मनात काही नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर मागवला असता, नको म्हटलं असतं तर विसरले असते. वाक्य तसंच राहिलं असतं. पण मला आतून दिसलं, तो इतिहास उघडतोय, चहाडी लागतेय, आणि त्या दोन ओळींच्या जागी माझं नाव, माझी तारीख आणि त्या वेळचं माझं तीन शब्दांचं टिपण: अनावश्यक ओळी काढल्या.

"तो राहिला नाही, साहेब," मी म्हणाले. "हे वाक्य काढूनच टाकते. उगाच फाटे फुटतील."

"तुला योग्य वाटेल तसं कर," साहेब म्हणाले. त्यांनी मला काढायला सांगितलं नव्हतं. हे मी स्वतःला अनेकदा वेगळं करून सांगून पाहिलंय, पण जमत नाही.

दुरुस्ती गेली. पंधरा दिवसांनी हेड सिस्टरचं पत्र आलं: "रेघ आता थांबत नाही. गुडघे विश्रांती घेताहेत. ज्यांनी हे शोधलं त्यांना धन्यवाद." साहेबांनी ते मीटिंगमध्ये वाचलं आणि सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. भोंग्याने टेबल बडवलं, त्याला टेबल बडवायला निमित्त लागत नाही. आता कोणी त्या कोडावर चहाडी लावली तर सगळीकडे मामाचं नाव दिसतं आणि मधोमध दोन ओळी माझ्या. बघणाऱ्याला वाटावं, मामा विसरला आणि भाचीने सावरलं.

मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायला लागले. मामाने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. अकरा महिने पुस्तिकांना नंबर घालत बसायचं नाही म्हणाला. आईने ऑफिसला मनसोक्त शिव्या घातल्या, मग फोनवर म्हणाली, "जाऊ दे. निदान जागा घरातच राहिली." ती हे कौतुकाने म्हणाली. मी फोन टेबलावर पालथा घातला.

शेवटच्या दिवशी मामा मजल्यावर आला. लोक उठून उभे राहिले, कोणी पाया पडलं, कोणी फोटो काढले. सगळ्यांचं झाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. जुन्या कापडी पिशवीतून त्याने पुस्तकाएवढी एक डिस्क काढली आणि माझ्यापुढे ठेवली. वर त्याच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: जुना सर्व्हर, संपूर्ण.

"हलवलं तेव्हा मी एक प्रत ठेवली होती," तो म्हणाला. "माहितीये ना माझी सवय."

मी चिठ्ठीवर हात ठेवला. "साहेबांना..."

"त्यांनी मलाही विचारलं होतं. जिन्यात गाठ पडली तेव्हा, जुना इतिहास काही उरलाय का म्हणून. तू काय सांगितलंस ते ठाऊक नव्हतं, पण अंदाज केला. म्हटलं, नाही राहिला. दोघांचं उत्तर एकच आलेलं बरं."

"मामा, मी ते वाक्य—"

"वाचलं टिपण. नीट लिहिलंयस. एकही शब्द जास्त नाही." बारा वर्षांत त्याने माझं टिपण परत पाठवलं नाही असं हे दुसरंच; पहिलं ते तीन शब्दांचं. "हे तुझ्याकडे ठेव. कोणाच्या हाती लागलं तर तुझं नाव निघेल."

तो वळला आणि गेला. आमच्यात कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. तो काहीच म्हणाला नाही.

डिस्क फोडून टाकता आली असती. तशी ताकद माझ्यात नाही, आणि ती साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायची तर नाहीच नाही. मी ती खालच्या ड्रॉवरमध्ये कागदांखाली ठेवली. कुलूप लावलं. चार पावलं गेले, परत आले आणि ड्रॉवर ओढून बघितला. मग पुन्हा एकदा. टेबलापलीकडून भोंगा बघत होता. "अगदी मामा," तो म्हणाला, आणि आजूबाजूचे सगळे हसले.